दुशेपटी आधी की तुफानी

आमच्या घरात आधी हात चालायचा, मग तोंड. आई काठवटीत भाकरी थापायची तो आवाज ओढ्यापल्याड ऐकू जायचा, आणि ज्या दिवशी तात्यांशी वाजलेलं असे त्या दिवशी भाकरी इतकी पातळ व्हायची की तिच्याआडून चुलीतला जाळ दिसावा. ती पाट्यावर लाल मिरची वाटायला बसली की आम्ही पोरं अंगणात पळायचो. ठसक्याच्या भीतीनं नव्हे. हातात वरवंटा असलेल्या बाईच्या वाटेत उभं राहू नये, हे शहाणपण आमच्या अंगात मुळाक्षरांच्या आधी मुरलं होतं. तात्या, म्हणजे माझे वडील, बैलांना कधी चाबूक लावत नसत. तो त्यांनी आमच्यासाठी राखून ठेवला होता. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मारून झालं की आई पाठीला हळद आणि तेल चोळायची आणि चोळता चोळता आणखी एक धपाटा घालायची, "एवढी कळ सोसत न्हाई व्हय गं?" म्हणून.

आता काळेवाडीत आमच्या त्याच रानावर माझ्या लेकाची इमारत उभी आहे आणि मी तिसऱ्या मजल्यावर राहते. सूनबाई पोरांना ओरडताना आधी "प्लीज" म्हणते. मला गंमत वाटते, पण मी काही बोलत नाही. एकदा बोलले होते, तेव्हा नातीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी जंगलातून आले आहे. आले आहेच की.

तर स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती, त्या साली आमची वाटणी होऊन थोडेच दिवस झाले होते. तात्या आणि त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, यांनी वाटणीच्या सकाळी एकमेकांची डोकी फोडली, मग विहिरीवर रक्त धुतलं आणि मुकाट्यानं पंचांसमोर मांडी घालून बसले. रान वाटलं, घराच्या मधोमध मातीची भिंत आली, जातं आमच्याकडे आणि त्याचा खुंटा त्यांच्याकडे गेला. विहीर तेवढी सामाईक राहिली, कारण ती कापता येत नव्हती. आणि बैल. आमच्या घराची शर्यतीची जोडी होती, पाखऱ्या आणि हिऱ्या. यात्रेच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, ही जोडी सुटली की माणसं टोप्या उडवायची. पाखऱ्या डावीकडे, हिऱ्या उजवीकडे; जागा बदलली तर दोघं पाऊल टाकत नसत. पंचांनी एक बैल इकडे दिला, एक तिकडे. न्याय झाला आणि जोडी मेली. दुसऱ्या कुठल्या बैलाशेजारी दोघं धावेनात. तात्या म्हणायचे, "हिऱ्या दे, मोल घे." आबा म्हणायचे, "पाखऱ्या दे, मोल घे." वैरणीच्या वेळेला भिंतीच्या अलीकडे पाखऱ्या हंबरायचा, पलीकडे हिऱ्या, आणि मग भिंतीच्या दोन्ही बाजूंनी शिव्या सुरू व्हायच्या.

मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची, नाव हौसा, अंगानं काडी आणि जीभ कोयत्यासारखी. शाळा सुटली होती, लग्न ठरत नव्हतं. ज्वारी निसवली की मला मचाणावर बसवायचे, पाखरं हाकायला. हाकायला हे नुसतं म्हणायला. माझ्या गोफणीतून सुटलेला दगड भोरडीला लागला की ती कणसावरून खाली पडेपर्यंत मेलेली असायची. दिवसाकाठी बांधावर मेलेल्या पाखरांची ओळ लागायची आणि मी ती अशा रुबाबात न्याहाळायचे की एखाद्या सरदारानंही लाजावं. वर बसलं की कान तयार होतात. लोहगावच्या तळावरून उडालेली हवाई दलाची विमानं नदीवरून वळसा घालून आमच्या डोक्यावरून जायची. ती कोणती हे मी न बघता सांगायचे. माल वाहणारी डकोटा गाभण म्हशीसारखी कण्हत यायची. दोन शेपट्यांचं ते बुटकं विमान शिट्टी घालत जायचं, त्याला मी दुशेपटी म्हणायचे. तुफानीचा आवाज कापड टराटरा फाडल्यासारखा, आणि तो यायचा विमान पुढे निघून गेल्यावर. मला वाटायचं, आभाळात काय चाललंय ते अख्ख्या मुलखात फक्त मला कळतं. माझ्या त्या वयाच्या ध्यानाला आज कुणी समोर आणून उभं केलं, तर आईचा वरवंटा मी स्वतः शोधीन.

अशात बातमी आली की तळावर विमानांचा मोठा खेळ होणार, देशोदेशीचे पाहुणे येणार आणि काही जण आपापली विमानं आणणार. मग जिथं जाल तिथं तेच. कुणी म्हणे रशियाचं येणार, कुणी म्हणे अमेरिकेचं. विलायतेचं एक विमान खणाच्या घडीसारखं तिकोनी आहे, अशीही खबर कुणी आणली. आई म्हणाली, "मग काय, आलं की वटी भरायची का त्याची?"

आमच्या लोकांना खेळ म्हटला की घाटच ठाऊक. त्यांनी ठरवूनच टाकलं की विमानांच्याही बाऱ्या असणार, एकामागून एक सुटणार, आणि पहिली बारी कुणाची हाच खरा प्रश्न. विहिरीवर या प्रश्नावरून रोज गळपट्ट्या धरल्या जात. आबांचा थोरला लेक नाम्या तळावरच्या भटारखान्यात बटाटे सोलायला होता, त्यामुळे तो स्वतःला निम्मा वैमानिक समजायचा.

"हौशे, तुज्या दुशेपटीला व्हंपायर म्हणत्यात," तो मोटेच्या दगडावर बसून म्हणाला. "म्हातारं झालंय ते. पाव्हण्यांपुढं म्हाताऱ्याला कोण नाचवतंय? पैलं तुफानी येणार. मपल्या कानानं ऐकलंय."

"बटाट्यानं सांगितलं का कांद्यानं?"

"सायेब बोलत व्हते."

"मग सायबाला म्हणावं, रोज सकाळी सराव चाललाय तो मचाणावर येऊन बघ. आधी दुशेपटी येतंय, मागनं तुफानी. रोज. एक दिवस उलटं झालं न्हाई."

"पैज लाव."

"लावते की. बापाला इचार तुज्या."

हे मी तोंडाची वाफ दवडावी तसं बोलले. पण तिकडून आबा आले आणि इकडून तात्या, पाण्याची पाळी कुणाची यावर आधीच तापलेले. आबा म्हणाले, "पोरीच्या जिवावर उड्या मारतूस व्हय रं? बैल लावतूस का बैल?" तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं. "नक्की का गं?" मी मान अशी उडवली की वेणी नाम्याच्या तोंडाला लागली. "नक्की म्हंजी? लिवून घ्या." लिहिता मला धड येत नव्हतं, तात्यांना तर मुळीच नाही. ते आबांना म्हणाले, "दुशेपटी पैलं आलं, तर हिऱ्या मपला. तुफानी आलं, तर पाखऱ्या तुपला. जागेवर." आणि मला हळूच म्हणाले, "खोटं निघालं तर तुजी पाठ आन मपला चाबूक." मी हसले. खरंच हसले, मूर्ख पोरगी.

घाटात निशाण टाकणारे कोंडीबा पंच होते, उभा जन्म घाटात गेलेले, लाल फडकं नेहमी खांद्यावर. बैलांनी रेघ ओलांडली की ते फडकं खाली झोडायचे आणि "झाऽली!" म्हणून आरोळी द्यायचे. त्यांचा निकाल कुणी मोडत नसे. दोन्ही घरांनी त्यांनाच पंच नेमलं.

खेळाच्या दिवशी दिवस उगवायच्या आत आमच्या दोन गाड्या दिघीच्या माळाकडे निघाल्या. तिथून लोहगावचं सगळं आभाळ मोकळं दिसायचं. पैज जागेवर चुकती करायची म्हणून तात्यांनी गाडीला पाखऱ्या जुंपला, जोडीला औताचा एक थोराड बैल. मागच्या गाडीला तसाच हिऱ्या आणि त्यांचा औताचा बैल. आईनं बाजरीच्या भाकरी, खर्डा, भाजलेलं सुकट आणि कांदे फडक्यात बांधून घेतले होते. सबंध वाटभर पाखऱ्या मान वळवून मागं बघत होता आणि तात्या त्याला म्हणत होते, "थांब लेका, सांच्याला तुज्याच दावणीला आणतो."

माळावर निम्मा मुलूख लोटला होता. पोरं दगडांवर चढलेली, बाया पदर डोळ्यांवर धरून बसलेल्या. एका अंगाला जुनी दगडाची खाण होती, तिच्या काठाला कुणी जात नव्हतं. आम्ही गाड्या सोडल्या, बैल चाकांना बांधले आणि वर बघत बसलो. माना दुखल्या. मग पूर्वेकडून आवाज आला, आणि तो आवाज मला ठाऊक होता. म्हैस. डकोटा कण्हत कण्हत आली, माळावरून गेली, आणि दोन्ही घरं कोंडीबांकडे बघत राहिली. डकोटावर कुणीच बैल लावला नव्हता.

कोंडीबांनी मिशीवरून हात फिरवला. "घाटात देवाचा गाडा आदी पळतो," ते म्हणाले. "त्याला बक्षीस न्हाई, नंबर न्हाई. ही मानाची बारी झाली. आता पुढची धरायची." हे सगळ्यांना पटलं. बटाटेवाल्या नाम्यालाही पटलं. वैमानिकांनी हे ऐकलं असतं तर ते उतरून आले असते.

आणि मग ते झालं. उत्तरेकडून दुशेपटी, दक्षिणेकडून तुफानी, दोन्ही इतकी खाली की मला तुफानीच्या पोटावरचे डाग दिसले. समोरासमोर आली, आता आपटणार असं वाटलं, बायांनी किंकाळ्या फोडल्या, आणि बरोब्बर आमच्या डोक्यावर एकमेकांना घासून गेली. त्यामागून आवाज आला. माळ हादरला. दात वाजले. कुणाचं तरी लेकरू आईच्या मांडीवरून पडलं.

"दुशेपटी!" मी ओरडले.

"तुफानी!" नाम्या ओरडला.

सगळे कोंडीबांकडे वळले. कोंडीबा पालथे पडले होते. तोंड मातीत, दोन्ही हात कानांवर आणि लाल फडकं डोक्यावरून ओढून घेतलेलं.

पहिला हात कुणाचा ते मी सांगणार नाही, कारण भिंतीच्या दोन्ही बाजूंना त्याची दोन उत्तरं अजून आहेत. मी पाहिलं ते एवढंच की आबांच्या हातात जूची लाकडी खुंटी, शिवळ, होती आणि ती तात्यांच्या कानशिलावर बसली, लाकूड ओलं असल्यासारखा आवाज झाला. तात्यांनी चाबूक फिरवला. आबांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत रेघ उमटली, आधी पांढरी, मग लाल. नाम्या मागून तात्यांच्या पाठीवर चढला आणि त्यांच्या खांद्याला चावला. काकूनं, म्हणजे नाम्याच्या आईनं, माझ्या आईचा अंबाडा धरला. आईनं तिला तशीच केसांसकट पुढं ओढून भुईवर पाडलं आणि तिच्या छातीवर बसून, भाकरी थापावी तशा, दोन्ही हातांनी थापायला लागली. दोघींच्या बांगड्यांचा चुरा झाला. लोक खेळ सोडून आमच्याकडे तोंडं करून बसले. आभाळात परदेशी पाहुणे आणि जमिनीवर आम्ही, जास्त गर्दी आमच्याकडे होती.

मी गोफण सोडवली. नेम आबांच्या हातातल्या शिवळेवर होता. दगड लागला नाम्याच्या तोंडावर. तो तात्यांच्या पाठीवरून सरकला आणि खाली बसून त्यानं तळहातावर दोन दात थुंकले, आणि त्यांच्याकडे बटाट्यातला डोळा काढावा तसा विचारपूर्वक बघत राहिला. पुढं जन्मभर मी त्याला सांगत आले की नेम शिवळेवरच होता. कवळी बसली तरी त्याचा विश्वास बसला नाही.

आम्ही असे गुंतलेले असताना ती दोन्ही विमानं वळून परत आली. या वेळी एकाच दिशेनं, शेजारी शेजारी, आणि आणखी खाली. तो आवाज आमच्या अंगावर कोसळला तेव्हा पाखऱ्या मागच्या पायांवर उभा राहिला. कासरा तुटला, गाडीचं चाक निखळून मोडलं. पलीकडे हिऱ्यानं वेसण तोडली, नाकातून रक्ताची चिळकांडी उडाली. औताचे दोन्ही बैल मात्र रवंथ करत उभे होते. त्यांना जगात कशाचंच नवल नव्हतं. पाखऱ्या धावत सुटला, हिऱ्या आडवा आला, आणि वाटणीपासून एकमेकांना न शिवलेले ते दोघं क्षणात एकमेकांना लागले. पाखऱ्या डावीकडे, हिऱ्या उजवीकडे. खांद्याला खांदा. मधे जू नाही, मागं गाडी नाही, वर कुणी नाही. शेपट्या ताठ, माना खाली, पावलाला पाऊल. तात्यांच्या मुठीत आबांचा गळा होता, तो तसाच धरून तात्या बघत राहिले. आबाही तसेच, गळा धरू देऊन. एवढी देखणी बारी मी पुन्हा पाहिली नाही.

बैल कोंडीबांच्या अंगावरूनच जायचे, पण ते कसेबसे उठले. तोंडभर माती, पण बैल समोरून गेले आणि त्यांच्या हाताला राहवलं नाही. लाल फडकं खाली आलं.

"झाऽली!"

आणि पुढं खाण होती.

दगड गडगडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. आम्ही सगळे काठावर धावलो. हिऱ्या तळाशी मानेवर पडला होता आणि त्यात त्याचं त्याला काही कळलं नसावं. पाखऱ्या जिवंत होता. पुढचे दोन्ही पाय भलतीकडे वळलेले, एकाचं हाड बाहेर आलेलं, आणि तरी तो उठायचा प्रयत्न करत होता. उठायचा, पडायचा. दर वेळी पडताना त्याच्या तोंडून जो आवाज निघायचा, तो मी कुठल्याच विमानाचा ऐकलेला नव्हता.

आम्ही खाली उतरलो, पाठोपाठ बंदोबस्ताचा एक शिपाई आला, खांद्याला बंदूक. उंचापुरा, पंजाबकडचा असावा. त्यानं बैलाकडे पाहिलं, आमच्या फुटलेल्या तोंडांकडे पाहिलं. "ये नहीं बचेगा," तो म्हणाला. "तकलीफ़ से छुड़ा दूँ? किसका है?"

ज्या बैलासाठी सकाळपासून "मपला, मपला" चाललं होतं, त्याच्यासमोर दोघं भाऊ उभे होते. बैल मारा म्हणायचं पाप. तात्यांनी खाली बघत आबांकडे हात केला. "त्याचा. पैज तो जितला." आबांनी मान हलवली. "न्हाई. ह्याचा हाय. ह्याच्या दावणीचा." शिपाई एकदा याच्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे. पाखऱ्या पुन्हा उठला आणि पुन्हा पडला.

"मपला हाय," मी म्हणाले. शिपायाला कळेना म्हणून छातीवर हात ठेवला. "मारा."

काय तो थाट. ज्या पोरीनं पाखऱ्याचं शेण काढताना कधी नाक मुरडायचं सोडलं नाही, ती एकदम मालकीण झाली. पण माझ्यापेक्षा मोठं कुणी पुढं येत नव्हतं हेही खरं. शिपायानं मला तोंड फिरवायला सांगितलं. मी फिरवलं नाही. गोळीचा आवाज खाणीत इतका मोठा झाला की वरचं विमान कोणतं गेलं ते मला कळलं नाही.

तात्यांनी मला चाबूक लावला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही. मी बरेच दिवस वाट बघितली.

बैल तिथंच पुरले, एकाच खड्ड्यात, दोन्ही घरांनी मिळून खणून. कोण डावीकडे आणि कोण उजवीकडे यावर कुणी भांडलं नाही. ते ठाऊकच होतं. मग उरल्या दोन गाड्या, त्यातल्या आमच्या गाडीचं चाक मोडलेलं, आणि औताचे दोन बैल, एक आमचा, एक त्यांचा. घरी तर जायचं होतं. आबांच्या गाडीला दोन्ही बैल जुंपले आणि आम्ही सगळे एकाच गाडीत चढलो. कानाला फडकं बांधलेले तात्या, तोंडावर रेघ असलेले आबा, केस पिंजारलेल्या दोन जावा, माती थुंकणारे कोंडीबा, नाम्या आणि मी, गुडघ्याला गुडघा लावून. गाडी गचके देई तेव्हा शत्रूच्या अंगावर पडू नये म्हणून प्रत्येक जण धडपडत होता आणि प्रत्येक जण पडत होता.

भोसरी मागं पडल्यावर आई म्हणाली, "ते तिकोनी आलं व्हतं. तुमी खाणीकडं पळालात तवा. मी एकलीनं बघितलं." तिनं भाकरीचं गाठोडं सोडलं. सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं.

तेवढ्यात मागून, लांबून, एक विमान आलं. आवाज ओळखीचा. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. आबांनीही पाहिलं. मी बाहेर बाभळीकडे बघत बसले. नाम्याला मात्र जात्याच अक्कल कमी. त्यानं सुजलेलं तोंड उघडलं.

"हे तर तुफा—"

आईनं खर्डा लावलेली चतकोर भाकरी त्याच्या तोंडात कोंबली, पार आतपर्यंत. दात पडलेल्या हिरड्यांना मिरची भिडली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, पण तो चावत राहिला. थुंकायची हिंमत कुणाची होती. वाटणीपासून आमच्या चुलीवरची भाकरी त्या घरात गेली नव्हती. आम्ही सगळे काकूकडे बघत होतो, की आता ही पुन्हा आईचा अंबाडा धरणार. काकूनं लेकाचं तोंड पाहिलं, मग आईच्या मांडीवरचं गाठोडं पाहिलं, आणि बांगड्या फुटलेला रक्ताळलेला हात पुढं केला.

"मलाबी दे गं चतकोर," ती म्हणाली. "खर्डा जरा जास्ती लाव."